रिकामं पुस्तक परत करू नये

आमच्या सावली गावाच्या वाचनकट्ट्याचा व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप आहे. रोज सकाळी कोणी ना कोणी हातातल्या पुस्तकाचा फोटो टाकतं आणि खाली लिहितं, 'नुकतंच वाचून संपवलं, प्रत्येकाने वाचावं असं.' त्याखाली फुलं येतात, टाळ्या येतात, 'अप्रतिम', 'निःशब्द' असे शेरे येतात. निःशब्द झालेली माणसं पुढचा अर्धा तास लिहीतच असतात. बहुतेकांनी ते पुस्तक उघडलेलं नसतं, हे फोटोतल्या कोऱ्या पाठीवरून कळतं. माझं औषधांचं दुकान आहे, न फोडलेलं पाकीट मला लांबून ओळखू येतं. असं काही दिसलं की मला मडावी सिस्टर आठवतात आणि सकाळचा चहा कडू लागतो.

तारा मडावी. सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झाल्या, पण गावाने त्यांचं 'सिस्टर' काढून घेतलं नाही. अर्ध्या सावलीच्या जन्माच्या वेळी त्या हजर होत्या, त्यामुळे मिशा फुटलेल्या पोरांनाही त्या चारचौघांत 'तू उलटा आलतास' असं सांगायच्या. ठेंगण्या, सावळ्या, दोरी लावलेला चष्मा गळ्यात. खांद्याला खाकी झोळी, झोळीत दोन पुस्तकं आणि एक डबा. लग्न केलं नव्हतं. कोणी विचारलंच तर म्हणायच्या की बाळंतपणं इतकी पाहिली की हौस फिटली.

त्यांचं वाचन उभ्याने चालायचं. बसस्टँडवर, रेशनच्या रांगेत, माझ्या दुकानाच्या पायरीवर. नोकरीतली सवय, बसलं की कोणीतरी हाक मारणार. नवीन पुस्तक आलं की माझ्याकडून खोक्याचा कागद मागून न्यायच्या आणि त्याला कव्हर घालायच्या. मुखपृष्ठ आत, बाहेर खोकल्याच्या औषधाची जाहिरात. मुखपृष्ठ बघून पुस्तक घेणं म्हणजे फोटो बघून सोयरीक जमवणं, असं त्यांचं मत होतं. आणि वाचायला घ्यायच्या ते मधूनच. सुरुवात सगळेच नाहूनमाखून लिहितात, खरा माणूस मधल्या पानात सापडतो, म्हणायच्या. मधलं जमलं तर मग पहिल्या पानावर यायच्या.

माझी त्यांची खरी ओळख एका पुस्तकामुळेच झाली. कट्टा तेव्हा नुकता सुरू झाला होता. महिन्याच्या शेवटच्या रविवारी शाळेच्या एका वर्गात दहाबारा जण जमायचो, महिन्याभरात काय वाचलं ते सांगायचं आणि पुस्तकांची अदलाबदल करायची. मी त्यांच्याकडून एक कादंबरी नेली होती. पुढच्या खेपेला परत देताना म्हटलं, छान होती. त्यांनी हात पुढे केलाच नाही.

"रिकामं आनलं का, भाऊ?"

मला वाटलं, आतलं काही सांडलं की काय. मी पानं चाळून पाहिली. तेव्हा त्यांनी समजावलं, "आमच्या घरी शेजारनीचं भांडं रिकामं परत नाई देत. मूठभर काईतरी टाकूनच देते. पुस्तकाचं वेगळं काऊन असन? काईतरी खटकलं असन तुमाले, ते घेऊन या. मंग घेईन."

मी ती कादंबरी घरी नेली, पुन्हा वाचली आणि दुसऱ्या दिवशी दुकानाच्या वेळात जाऊन सांगितलं की नायकाची आई तिसऱ्या प्रकरणात आजारी पडते आणि पुढे लेखक तिला विसरूनच जातो, ती बरी झाली का मेली ते कळत नाही. सिस्टरचा चेहरा उजळला. म्हणाल्या, हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. पुस्तक घेतलं आणि डब्यातून मोहाचा लाडू काढून माझ्या हातावर ठेवला.

तोच पुढे कट्ट्याचा रिवाज झाला. पुस्तक कितीही आवडो, परत करताना एक तरी तक्रार द्यायचीच. आधी लोकांना तो बाईंचा चावटपणा वाटला. मग चटक लागली. नुसतं 'छान' म्हणायचं असेल तर कसंही वाचून चालतं, पण तक्रार करायची तर शेवटपर्यंत वाचावं लागतं. मार्कंड्याच्या जत्रेत पोथ्या-पुस्तकांचा जो ठेला लागतो, तिथे सिस्टर उभ्या राहिल्या की ठेलेवाल्याचा चेहरा पडायचा. कारण गिऱ्हाईकाने पुस्तक उचललं की ह्या मागून विचारायच्या, कोणासाठी घेऊन राह्यले? आणि उत्तर ऐकून त्याला दुसरंच घ्यायला लावायच्या. ठेलेवाला एकदा त्यांना चहा पाजून म्हणाला होता, बाई, तुमी दर्शन घेऊन या ना आधी.

पुस्तक सुचवण्यात त्यांचा हात धरणारा मी पाहिला नाही. पुस्तक चांगलं की वाईट हा त्यांचा प्रश्नच नसायचा. कोणाला, कधी, एवढंच त्या पाहायच्या. बँकेतले लांजेवार कट्ट्यावर यायचे. त्यांची बायको वारली. आम्ही सगळ्यांनी आपापल्या अकलेप्रमाणे त्यांच्या घरी आत्मा, मृत्यू, मनःशांती अशा विषयांची पुस्तकं नेऊन टाकली. लांजेवारांनी एकही उघडलं नाही. कोणाशी बोलायचे नाहीत, खानावळीचा डबा तसाच परत जायचा. सिस्टरनी त्यांना खाकी कव्हर घातलेलं एक पुस्तक दिलं. ते स्वयंपाकाचं होतं. आम्हाला ते भलतंच वाटलं, दुःखात असलेल्या माणसाची थट्टा वाटली. पुढच्या रविवारी लांजेवार आले, मागच्या बाकावर बसले आणि आपली पाळी आल्यावर हळूच म्हणाले, "सिस्टर, त्या वांग्याच्या भाजीत त्यानं पानी जास्त सांगितलं. भाजी नाई, आंबील झाली माही." बायको गेल्यापासून ते इतकं पहिल्यांदाच बोलले होते. सिस्टरनी त्यांना पाणी किती घालायचं ते सांगितलं आणि पुस्तक परत घेतलं नाही.

अशी ही बाई. कट्टा ही तिची एकच चैन होती. भाऊ गेल्यावर गावी फारसं जाणं राहिलं नव्हतं, घरात एकटी. महिनाभर जे वाचलं ते बोलायला दुसरी जागा नव्हती. हे सगळं कट्ट्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, म्हणूनच पुढे जे झालं त्याची मला जास्त चीड येते.

कट्ट्याचे अध्यक्ष भोयर सर. निवृत्त प्राचार्य, वर्गखोली त्यांच्याच शब्दामुळे मिळालेली. पांढरा सदरा, मऊ आवाज, बोलताना डोळे मिटायची लकब. सर माणूस वाईट नव्हते, हे मी मुद्दाम सांगतो. वाईट असते तर सोपं गेलं असतं.

एका रविवारी कोणीतरी ताडोब्याच्या वाघांवरचं एक देखणं, गुळगुळीत कागदाचं पुस्तक आणलं होतं. हातोहात फिरलं. वाघिणीचं नाव, तिच्या बछड्यांची नावं, तिचा रुबाब, तिचं राज्य. सगळे वा वा करत होते. पुस्तक सिस्टरपाशी आलं. त्यांनी मधलं पान उघडलं, थोडं वाचलं आणि मिटलं.

"माही एक तक्रार आहे," त्या म्हणाल्या. "या पुस्तकात वाघाले नाव आहे, मानसाले नाई."

आणि मग त्यांनी जे कधी सांगितलं नव्हतं ते सांगितलं. त्यांचं गाव मोहर्लीच्या अलीकडे, जंगलाला लागून. चैतात मोहफुलं वेचायला त्यांचा भाऊ सोमाजी आणि वहिनी यमुना पहाटे गेले होते. वाकून वेचणारा माणूस वाघाला माणूस वाटत नाही, असं पुढे साहेब लोकांनी समजावलं. वहिनीने वाघ नवऱ्याला ओढून नेताना पाहिला. ती पळाली नाही. तिने गोटे मारले, टोपली मारली, वेचलेली फुलं मुठीमुठीने मारली आणि गोंडीत येतील तेवढ्या शिव्या दिल्या. वाघ सोडून गेला तेव्हा सोमाजीत जीव नव्हता. गावातले लोक येईपर्यंत ती प्रेताला अंगाने झाकून बसली होती. नंतर कोणीतरी सहज त्या वाघाचं नाव घेतलं तर ती त्या माणसाच्या अंगावर धावून गेली. नाव घ्यायचं तर माझ्या माणसाचं घ्या, म्हणाली.

भोयर सरांनी डोळे पुसले. मग त्यांनी हळू आवाजात बारीकसारीक विचारलं. टोपली कशाची होती, वहिनीच्या अंगावर लुगडं कोणतं होतं, फुलांचा वास कसा येतो. सिस्टरनी सगळं सांगितलं. इतक्या आस्थेने त्यांना कोणी कधी विचारलं नव्हतं.

पुढच्या वर्षी सरांचा कथासंग्रह निघाला. नाव 'अरण्यक्षमा'. नावातच सगळं आलं. शीर्षककथेत वनमाला नावाची आदिवासी स्त्री आहे. मोहफुलं आहेत, बांबूची टोपली आहे, वाघ आहे. नवरा मेल्यावर वनमाला वाघासमोर गुडघे टेकते, हात जोडते आणि म्हणते, हे अरण्यराजा, तुझं अन्न तुला पोचलं, मी तुला क्षमा केली. वाघ मान लववून निघून जातो. प्रकाशनाला जिल्ह्याच्या गावाहून पाहुणे आले. एका पाहुण्याने सांगितलं की आदिवासींचं निसर्गाशी असलेलं नातं शहरी माणसाला कधी कळायचं नाही. सरांनी डोळे मिटून मान हलवली. सिस्टर पहिल्या रांगेत होत्या, कारण सरांना भाषणात त्यांचे आभार मानायचे होते. पुस्तक तोवर त्यांनी वाचलेलं नव्हतं.

त्यानंतरच्या कट्ट्याला वर्ग भरलेला होता. एकेक जण उठून 'अरण्यक्षमा'वर बोलला. लांजेवारसुद्धा 'हृदयस्पर्शी' म्हणाले. एकाच्याही तोंडून तक्रार निघाली नाही आणि रिवाजाची आठवण कोणी काढली नाही. शेवटी सिस्टर उठल्या. पुस्तकाला कव्हर घातलेलं होतं. आवाज चढवला नाही, दवाखान्यात पेशंटच्या नातेवाइकांशी बोलतात तसं बोलल्या.

"माह्या वहिनीनं हात नाई जोडले, सर. तिनं गोटे मारले."

सर हसले. म्हणाले, "ताराबाई, ती तुमची वहिनी नाही. ती वनमाला आहे. जीवनाचं सत्य वेगळं आणि कलेचं सत्य वेगळं."

"मंग लुगडं तिचंच काऊन आहे? टोपली तिचीच आहे. फक्त हात तिचे नाई." त्यांनी पुस्तक बाकावर ठेवलं. "सर, मी दुसरं काई नाई मागत. पुन्हा छापाल तेव्हा तेवढे हात खाली करा. गावात वाचनारे आहेत आता. माह्या वहिनीनं मारनाऱ्याले माफ केलं असं तिच्या लेकरानं वाचू नये."

मागून कोणीतरी म्हणालं, अहो, पण किती सुंदर शेवट आहे. दुसरं कोणी म्हणालं, बाई, तुमच्या समाजाचा गौरवच केला ना सरांनी. सर म्हणाले, पाहू. मग चहा आला आणि सगळ्यांना एकदम चहाची घाई झाली. सिस्टरच्या समाजाचा गौरव कशात आहे ते ठरवायला वर्गात पंधरा माणसं बसली होती आणि त्यातलं एकही त्या समाजाचं नव्हतं.

काही दिवसांनी सर रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला दुकानात आले, तेव्हा मी विषय काढला. म्हटलं, सर, शेवटची चार वाक्यं बदलली तर काय बिघडेल? कथेला उलट जोर येईल. सरांनी डोळे मिटले. म्हणाले, तुम्ही औषधं विका. मी त्यांना गोळ्या दिल्या. हल्ली वाटतं, मुदत संपलेल्या द्यायला हव्या होत्या. दिल्या नाहीत, पण वाटतं.

मग कट्ट्याच्या ग्रुपवर नवा नियम आला. सरांच्या एका लाडक्या विद्यार्थ्याने टाकला होता. 'यापुढे कट्ट्यावर पुस्तकांविषयी सकारात्मकच बोलावे. वाचनसंस्कृती वाढवणे हा आपला हेतू आहे, उणीदुणी काढणे नव्हे.' खाली टाळ्यांची रांग लागली. तरी सिस्टर पुढच्या रविवारी आल्या. त्यांच्याकडून नेलेली दोन पुस्तकं लोकांनी परत दिली, छान आहेत म्हणाले, आणि त्यांनी मुकाट घेतली. त्यानंतरही दोनतीनदा आल्या. काय वाचलं असं विचारलं की हसून मान हलवायच्या. वर्षानुवर्षं जिच्या जिभेवर महिनाभराचं वाचन गोळा झालेलं असायचं, ती बाई भिंतीवरचा नकाशा पाहत बसायची.

त्या वाट पाहत होत्या ती दुसऱ्या आवृत्तीची. मला एकदा दुकानात म्हणाल्या, "सर 'पाहू' म्हनले ना, भाऊ. शिकलेला मानूस आहे. बदलन." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

दुसरी आवृत्ती निघाली, कारण पुस्तकाला कुठलासा पुरस्कार मिळाला. शेवट तोच होता. बदल फक्त बाहेर झाला होता. पहिल्या आवृत्तीवर नुसतं मोहाचं झाड होतं, आता त्या झाडाखाली वाघ आणि त्याच्यासमोर गुडघे टेकून हात जोडलेली बाई आली होती. ते पुस्तक मी सिस्टरना दाखवलं नाही. दाखवायची गरज पडली नाही, बसस्टँडवर त्याचं पोस्टर लागलं होतं. महिन्याभरात त्यांनी भाड्याचं घर सोडलं. सामान फारसं नव्हतंच. जाताना माझ्या दुकानात पुस्तकांचं एक पोतं ठेवून गेल्या, वाचनारा आला तर द्या, म्हणाल्या. गावाला चालली, पोरगं कामावर जाते, वहिनी एकटी असते. कट्ट्याने त्यांना निरोप दिला नाही. ग्रुपवर 'तारा मडावी यांनी ग्रुप सोडला' एवढी ओळ आली आणि तिच्याखाली लगेच कोणाच्या तरी वाढदिवसाचा केक.

मागच्या हिवाळ्यात पुण्याहून माझे साडू सहकुटुंब आले. त्यांना वाघ पाहायचा होता. सफारी झाली, वाघ काही दिसला नाही, आणि मोहर्लीच्या रस्त्यावरच्या एका रिसॉर्टमध्ये आम्ही चहाला थांबलो. शेणाने सारवलेलं अंगण, भिंतीवर रंगवलेला मोठा वाघ, आणि काउंटरवर 'अरण्यक्षमा'ची थप्पी. मी थप्पीकडे पाठ करून बसलो.

चहा झाल्यावर मॅनेजर अंगणात आला आणि पाहुण्यांना म्हणाला की ज्यांनी हे पुस्तक वाचलं असेल त्यांच्यासाठी एक सरप्राइज आहे, खरी वनमाला आमच्या इथे काम करते. स्वयंपाकघरातून एक बाई पदराला हात पुसत आली. वाळलेला चेहरा, केस पिकलेले. ती भिंतीवरच्या वाघासमोर जाऊन उभी राहिली, गुडघे टेकले आणि हात जोडले. रोजचं काम असल्यासारखं केलं तिने ते. पाहुण्यांनी फोटो काढले. एका मुलीने विचारलं, क्षमा करताना तुम्हाला काय वाटलं? यमुनाबाई भिंतीवरच्या वाघाकडेच बघत राहिल्या. त्यांना बहुधा प्रश्न कळला नाही, किंवा कळला असावा.

स्वयंपाकघराच्या पायरीवर सिस्टर बसल्या होत्या. पुढ्यात सुपात तुरीच्या ओल्या शेंगा होत्या. मी जाऊन शेजारी टेकलो. त्यांनी मला ओळखलं, बायको बरी आहे का, लांजेवार कसे आहेत, सगळं विचारलं. मीच न राहवून अंगणाकडे पाहिलं.

"तिचं पोरगं इथीच सफारीची जिप्सी चालवते," त्या म्हणाल्या. "मॅनेजर म्हने, बाईनं एवढं केलं तर दोघाईचं काम पक्कं. हे पुस्तक खपते तवर तिची चूल पेटते, भाऊ. तिनं मले विचारलं, करू का म्हनून. मी काय सांगू?"

मी म्हटलं, चीड येत नाही तुम्हाला? त्या म्हणाल्या, येते. आणि शेंगा सोलत राहिल्या.

तेवढ्यात माझी मेहुणी काउंटरवरून पुस्तक घेऊन आमच्याकडे आली. तिला मी वाटेत सिस्टरबद्दल सांगितलं होतं, आमच्या भागात पुस्तकाची पारख असलेली एकच बाई होती म्हणून, पण कोणत्या पुस्तकावरून काय झालं ते सांगितलं नव्हतं. ती पायरीशी वाकली आणि मोठ्या आदराने म्हणाली, "तुम्हीच ना त्या? मग तुम्हीच सांगा, कसं आहे हे? घेऊ का?"

सिस्टरनी पुस्तकाकडे पाहिलं नाही. अंगणात यमुनाबाई अजून गुडघ्यावर होत्या, कोणाचा तरी फोटो नीट आला नव्हता म्हणून दुसऱ्यांदा काढणं चाललं होतं.

"चांगलं आहे," सिस्टर म्हणाल्या. "घ्या."

मी तक्रारीची वाट पाहिली. त्यांनी पुढची शेंग उचलली.